सुटलेली डावी बाजू नेमकी कशाची?

मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना घड्याळ काढायला सांगितले, तर वर्तुळ पुरे होते, पण आकडे उजवीकडेच दाटीवाटीने बसतात. डावा भाग कोरा राहतो आणि रुग्णाला मात्र चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटते. या अवस्थेला ‘स्पेशियल निग्लेक्ट’ म्हणतात. तिच्यात नजर शाबूत असली तरी भोवतालच्या एका बाजूकडे, बहुधा डावीकडे, लक्षच जात नाही. ती ओळखायला कागद-पेन्सिल पुरते, आणि तपासणी खाटेशेजारीही करता येते. मात्र ‘चित्र जमले की बिघडले’ एवढाच निकाल काढला, तर त्यातली सर्वांत मोलाची माहिती वाया जाते. डावी बाजू सुटली हे खरे, पण ती कशाची डावी? कागदाची, रुग्णाच्या शरीराची, की समोरच्या वस्तूची?

हा प्रश्न किती खोल आहे, ते ब्रिटिश संशोधक जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रांतून दिसते. नमुन्यात एकाच झाडाची, खाली देठाने जोडलेली दोन फुले होती. रुग्णाने फक्त उजवीकडचे फूल उतरवले. मग खालचा जोड काढून टाकला. फुले होती त्याच जागी राहिली, पण आता ती दोन स्वतंत्र रोपे झाली. या वेळी रुग्णाने दोन्ही फुले काढली आणि प्रत्येकाच्या डावीकडच्या पाकळ्या गाळल्या. ‘डावे’ कोणते, हे केवळ कागदावरच्या जागेवर ठरले असते, तर दोन्ही वेळी एकच भाग सुटला असता. म्हणजे एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे मेंदूने आधीच ताडलेले होते आणि लक्षाची वाटणी त्यानंतर झाली. 1972 मध्ये गायनोटी आणि सहकाऱ्यांनी घर आणि झाडे असलेले दृश्य उतरवायला दिले, तेव्हाही काही रुग्णांनी डावीकडची झाडे काढली, पण प्रत्येकाचा डावा भाग सोडून. अशी बारीक भेदरेषा केवळ गुणांच्या बेरजेतून कधीच हाती लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दृष्टीचा. डावीकडचे दिसतच नसेल, तर दोष लक्षाला का द्यायचा? दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग गेलेले अनेक रुग्ण मान आणि डोळे वळवून तो तोटा भरून काढतात. रेषेचा मध्य दाखवायला सांगितला, तर ते बहुधा न दिसणाऱ्या बाजूकडे सरकतात. डाव्या निग्लेक्टचा रुग्ण मात्र उजवीकडे सरकतो. त्याहून निर्णायक पुरावा इटलीतला आहे. 1978 मध्ये बिसियाक आणि लुझ्झाती यांनी दोन रुग्णांना मिलानचा कॅथेड्रल चौक नुसता आठवून सांगायला लावला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशा कल्पनेत त्यांच्या डावीकडच्या इमारती सुटल्या. कॅथेड्रलकडे पाठ केल्याची कल्पना करताच त्याच इमारती आठवल्या आणि दुसऱ्या बाजूच्या गळाल्या. इथे डोळ्यांसमोर काहीच नव्हते.

दुसरा आक्षेप कौशल्याचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. आयुष्यात फारशी पेन्सिल न धरलेल्या आजोबांचे फूल वेडेवाकडे येणारच. स्मृतिभ्रंशातही घड्याळ बिघडते. पण अकुशल हात दोन्ही बाजूंना सारखाच चुकतो; एकाच बाजूची सातत्याने होणारी गळती वेगळी ओळखू येते. शंका उरलीच, तर चित्रकलेची गरज नसलेली चाचणी जोडीला घ्यावी, उदाहरणार्थ कागदभर विखुरलेल्या आखूड रेषांवर काट मारणे. मार्क आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवले, की काट मारण्याऐवजी रेषा खोडून टाकायला सांगितल्यास रुग्णांना डावीकडच्या अधिक रेषा सापडतात. उजवीकडे शिल्लक राहिलेल्या रेषा लक्ष धरून ठेवत होत्या. खोडताच ती पकड सैल झाली.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. शांत खोलीत एकाच कागदावर मन लावून काम करणारा रुग्ण चाचणी उत्तीर्ण होतो, आणि घरी डावीकडच्या दारावर आदळतो. म्हणून निर्दोष चित्र म्हणजे निग्लेक्ट नाही, असे मानता येत नाही. कॅथरीन बर्जेगो मापनश्रेणीत याच कारणासाठी रोजच्या दहा गोष्टी प्रत्यक्ष पाहून नोंदवतात. त्यांत डाव्या गालाची दाढी राहते का, ताटाच्या डाव्या बाजूचे अन्न तसेच राहते का, डावी बाही चढवायची विसरते का, अशा गोष्टी येतात. रुग्णाला स्वतःच्या उणिवेची जाणीव बहुधा नसते. त्यामुळे चित्रांच्या शेजारी ही नोंद ठेवली नाही, तर घरच्यांना काय सांभाळायचे हे कळणार नाही.