आधी कंबर मोजा

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ओटाव्यातली घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळी पाचच्या आतच अंधार पडतो. ऑफिसातून आलेला माणूस एकदा बूट काढतो ते सकाळीच पुन्हा घालायला. चालणं चार-पाच महिने बंद, जेवण मात्र पुण्या-नाशिकचंच. मग वार्षिक तपासणीत डॉक्टर ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात आणि घरात गुगलबाजी सुरू होते.

या सिंड्रोमच्या खुणा पाच, त्यांतल्या तीन जुळल्या की निदान. रक्तदाब 130/85 किंवा जास्त, उपाशीपोटी साखर 5.6 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 1.7 किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी, आणि कंबरेचा घेर मोठा. कॅनडात रक्ततपासणीचे आकडे मिलिमोलमध्ये येतात. साखरेच्या आकड्याला 18 ने गुणलं की भारतातला आकडा मिळतो, म्हणजे 5.6 म्हणजे साधारण 100. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचे रिपोर्ट इथे दाखवताना हा हिशेब लागतोच.

घेराची मोजपट्टी मात्र सर्वांना एक नाही. गोऱ्या पुरुषासाठी 102 सेंटिमीटर धरतात, आपल्यासाठी 90. आपल्या बायकांसाठी 80. हा भेदभाव का, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका फोटोतून दाखवलं. शेजारी उभे होते लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबी त्या मानाने टिकवून असलेली आढळली. तेव्हा ‘मी तर बारीक आहे’ हे आपल्या तोंडी फारसं शोभत नाही.

हेल्थ कॅनडाच्या 2019 च्या आहार मार्गदर्शिकेत अर्धं ताट भाज्या-फळांचं, पाव प्रथिनांचं, पाव अख्ख्या धान्याचं आहे. आपल्याकडे पोळ्या, वर भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी. म्हणजे सगळा पिष्टाचाच कारभार. उसळ घट्ट आणि वाटी मोठी करा, कोशिंबीर आधी संपवा, पोळी किंवा भात यांतलं एकच घ्या. पिठाच्या पाकिटावर नुसतं ‘आटा’ वाचून भागत नाही, मागचे घटक वाचा. काही पाकिटांत मैद्यासारख्या पिठातच कोंडा मिसळलेला असतो. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं. पण ज्वारी पौष्टिक म्हणून तीन भाकऱ्या हाणल्या तर फायदा शून्य. हिवाळ्यात ताजी भाजी महागते, तेव्हा फ्रोझन पालक आणि फरसबीला नाकं मुरडू नयेत. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी? तिला उपवास म्हणणं हा आपला जुना विनोद आहे.

चालण्याचं काय? 2002 मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायचा, हे उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने 31 टक्क्यांनी. बाहेर उणे वीस असेल तर मॉलमध्ये चाला, जेवणानंतर घरातच दहा मिनिटं फेऱ्या मारा. थंडी जमली की रिडो कालव्यावर 7.8 किलोमीटरची बर्फवाट खुली होते. स्केटिंग येत नसलं तर शिकायला पन्नाशी काही उशीर नव्हे.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर उतरू लागली की डोसही बदलावा लागतो.