वाड्याबाहेरचे निळूभाऊ

खलनायक रंगवणाऱ्या नटाला लोकांनी खरोखरच शिव्या घालाव्यात, त्याला पाहून खेड्यातल्या बायकांनी बोटं मोडावीत, हे भाग्य मराठीत निळू फुल्यांइतकं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. आजही नकला करणारी पोरं मान तिरकी करतात, आवाज घोगरा करतात आणि बाईला वाड्यावर बोलावतात. लोक हसतात, टाळ्या पडतात. एवढ्या मोठ्या नटाची ओळख एका वाक्यावर येऊन थांबावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा आढावा.

आमच्या शिरपूरला साखर कारखाना नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव, अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे देशभर माहीत असलेलं. शिवारात कापूस, तूर आणि आता जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. ‘सामना’ चित्रपटात निळूभाऊंनी केलेला हिंदुराव धोंडे पाटील पश्चिम महाराष्ट्रातला साखरसम्राट, त्याचा आमच्या वऱ्हाडाशी संबंध काय? तरी इकडच्या माणसाला तो पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटतो. सोसायटीचं कर्ज कुणाला द्यायचं आणि कुणाला हेलपाटे घालायला लावायचे, हे ठरवणारा माणूस प्रत्येक गावाने पाहिलेला असतो. निळूभाऊंनी कारखानदार रंगवलाच नाही. आपल्याला कुणी विचारणार नाही याची खात्री असलेला माणूस रंगवला. अशा माणसाला आवाज चढवावा लागत नाही. तो सावकाश बोलतो, मध्येच थांबतो, डोळे बारीक करतो, आणि त्या थांबण्यातच समोरच्याला घाम फुटतो.

ही नजर त्यांच्याकडे आली कुठून? जन्म 1930 चा, पुण्याचा. घरची ओढाताण, त्यामुळे कोवळ्या वयातच पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम धरलं. पगार 80 रुपये, त्यातले 10 रुपये दरमहा राष्ट्र सेवा दलाला. ही रक्कम मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून महत्त्वाची वाटते. पुढे स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पण भांडवल जमलं नाही. सेवा दलाच्या कलापथकात मात्र ते रमले. राम नगरकर, दादा कोंडके हीसुद्धा त्याच मुशीतली माणसं. 1957 च्या निवडणुकीच्या सुमारास निळूभाऊंनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य स्वतः लिहिलं. पुलंच्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंगेच्या भूमिकेने त्यांना नट म्हणून नाव दिलं. म्हणजे पुढाऱ्याचं सोंग ते सिनेमात येण्याआधी कितीतरी वर्षं, समाजवादी कार्यकर्ता म्हणून गावोगाव वठवत होते. ज्याच्याविरुद्ध लढायचं, त्याची चाल, बोली, बसण्याची ढब बारकाईने पाहावी लागते. त्यांनी ती पाहिली.

व्यावसायिक रंगभूमीवर त्यांना आणलं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने. शंकर पाटलांच्या या वगाचे 2000 च्या वर प्रयोग झाले. वगात लिहिलेली संहिता हा नुसता सांगाडा असतो. बतावणी जागेवर रंगवायची, समोरच्या प्रेक्षकातून एखादा शब्द उचलायचा, टाळी पडली की तेवढं थांबायचं, नाही पडली तर लगेच वळण घ्यायचं. एकाच वगाचा खेळ गावागणिक वेगळा होतो. पुढे कॅमेऱ्यासमोर निळूभाऊंचं थांबणं इतकं नेमकं वाटतं, त्याचं मूळ मला या हजारो रात्रींत दिसतं. नाट्यशाळेत हे शिकवता येत नाही असं मी म्हणणार नाही, पण इतकं स्वस्तात आणि इतकं पक्कं शिकवता येत नाही हे खरं.

वग गाजला तसं दिग्दर्शक अनंत मान्यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात घेतलं, साल 1968. त्यातला त्यांचा झेलेअण्णा लोकांनी डोक्यावर घेतला. मग ‘सोंगाड्या’, ‘पिंजरा’ आणि पाठोपाठ सरपंच, सावकार, पाटील यांची रांग लागली. या रांगेवर मी फार थांबणार नाही. निर्मात्यांनी एक साचा पकडला आणि तोच वर्षानुवर्षं पिळला. त्यातले कित्येक चित्रपट निळूभाऊ पडद्यावर असेपर्यंतच बघवतात.

खरं मोल दाखवलं ते मोजक्या कामांनी. 1972 साली रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ आलं. तेंडुलकरांचं नाटक, कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, सोबत लालन सारंग. सेन्सॉरशी भांडण थेट हायकोर्टापर्यंत गेलं. रांगडा, बायकांना वापरणारा आणि तरी स्वतःपुरता प्रामाणिक असा हा सखाराम. त्याला नुसता राक्षस केला असता तर नाटक सोपं झालं असतं. निळूभाऊंनी तो सोपा केला नाही. पाठोपाठ जब्बार पटेलांचा ‘सामना’. 1975 च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. दारूत बुडालेला एक म्हातारा मास्तर पाहुणा म्हणून येतो आणि मारुती कांबळेचं काय झालं एवढंच विचारत राहतो. डॉ. लागूंचा मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदुराव ही जुगलबंदी मराठी सिनेमाने पुन्हा पाहिली नाही.

तरीही त्यांचं सर्वांत मोठं काम कोणतं विचाराल, तर मी ‘सिंहासन’मधल्या दिगू टिपणीसचं नाव घेईन. 1979 चा हा चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. भोवती मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर. आणि या सगळ्यांत वावरणारा एक पत्रकार, ज्याला सगळं कळतं आणि ज्याच्या हाती काहीच नाही. दिगू बहुतेक वेळ फक्त ऐकतो. आयुष्यभर सत्ता गाजवणारे लोक वठवलेल्या नटाने इथे सत्तेकडे बघणाऱ्याची जागा घेतली. ऐकता ऐकता आतून खचत जाणारा हा माणूस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा तो धक्का पटतो. कारण आधीचे दोन तास त्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट साचताना आपण पाहिलेली असते.

हिंदीने त्यांना ‘कुली’, ‘मशाल’ दिले. ‘सारांश’मधला गजानन चित्रे तेवढा लक्षात राहिला.

इंग्लंडमध्ये पीट पोस्टलथ्वेट नावाचा असाच एक नट होता. देखण्या नायकाचा चेहरा नाही, सहायक भूमिकांत गेलेलं आयुष्य. ‘इन द नेम ऑफ द फादर’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि उतारवयात तो हवामानबदलाच्या प्रश्नावर बोलत राहिला. निळूभाऊंची जात हीच. डॉ. लागू, दाभोलकर यांच्याबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. कार्यकर्त्यांना महिन्याचा आधार मिळावा म्हणून ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले, त्यांत तेही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरही ते बसत. 1991 ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतरही त्यांच्या राहणीत फरक पडला नाही.

13 जुलै 2009 रोजी पुण्यात कर्करोगाने ते गेले. त्यांच्या अखेरच्या चित्रपटांत ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ आहे, शेतकरी आत्महत्यांवरचा. याच आत्महत्यांमुळे आलेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यांत आमचा वाशीमही होता. पाटील आणि सावकार म्हणून पडद्यावर शेतकऱ्याला नाडण्यात ज्याची कारकीर्द गेली, तो माणूस शेवटी या गोष्टीत उभा राहिला. आमच्याकडे हा चित्रपट ‘सामना’इतका कुणी पाहिलेला नाही, तो पाहायला हवा.