बिलेशय प्राण्यांचीं नांवें व त्यांचे अर्थभेद

जुनी पोथी अथवा जुना कागद वाचतांना अपरिचित शब्द आला म्हणजे वाचक थांबतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. खरा धोका परिचित शब्दाचा असतो. तो वाचकास थांबूंच देत नाहीं. ओळखीचा अर्थ पुढें करून त्यास निःशंकपणें भलत्या वाटेस लावतो. अशा शब्दांचा एक लहानसा वर्ग प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतला आहे. सुश्रुतसंहितेंत मांसवर्ग सांगतांना ‘बिलेशय’, म्हणजे बिळांत राहणारे, प्राणी निराळे गणले आहेत. श्वावित्, शल्यक, गोधा, मूषिक व नकुल हे त्यांपैकींच होत. ह्यांतील बहुतेक नांवांस, किंवा त्यांच्या अगदीं निकटच्या रूपांस, प्राण्याखेरीज दुसरा अर्थ आहे. आणि तो ध्यानांत न आल्यामुळें अर्थाचा अनर्थ होण्याचा संभव असतो.

हे दुसरे अर्थ मुख्यतः दोन मार्गांनीं उत्पन्न झालेले दिसतात. एक, प्राण्याचें कातडें, आकार किंवा गुण ह्यांवरून एखाद्या वस्तूस त्याचें नांव मिळतें. दुसरा, मूळचे अगदीं भिन्न असे दोन शब्द उच्चारांत झिजतां झिजतां एकरूप होतात. पहिल्यास संक्रमित अर्थ व दुसऱ्यास केवळ उच्चारसाम्य म्हणूं. संक्रमित अर्थाच्या पोटीं जुन्या व्यवहाराचा कांहीं अवशेष असतो. उच्चारसाम्याच्या पोटीं तसें कांहीं नसतें. संशोधकानें प्रथम हा निवाडा करावयाचा असतो.

संक्रमित अर्थाचें उत्तम उदाहरण ‘गोधा’ हें होय. गोधा म्हणजे घोरपड. परंतु अमरकोशाच्या क्षत्रियवर्गांत धनुष्याच्या दोरीचा आघात हातास लागूं नये म्हणून बांधावयाच्या पट्ट्यासही गोधा असें म्हटलें आहे. महाभारतांत योद्ध्यांचें वर्णन करितांना ‘बद्धगोधांगुलित्र’ असें विशेषण येतें. त्याचा अर्थ हातास चर्मपट्टा व बोटांस अंगुलित्राण बांधलेला, असा आहे. घोरपड बांधलेला असा नव्हे. घोरपडीचें कातडें चिवट व खवल्यांचें असल्यामुळें असे पट्टे त्याचे होत असावेत व तेंच नांव पुढें रूढ झालें असावें, हा खुलासा सयुक्तिक वाटतो. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांतील ६९ व्या सूक्तांत गर्गर ह्या वाद्याबरोबर गोधेचाही नाद सांगितला आहे. तेथें कोणी हस्तत्राण, कोणी धनुष्याची दोरी, तर कोणी वाद्य असा अर्थ करितात. शेजारीं वाद्य आहे व क्रिया नादाची आहे. तेव्हां प्राण्याचा अर्थ तेथें बसत नाहीं, एवढें तरी स्पष्ट आहे.

‘नकुल’ शब्दाची गोष्टही अशीच. नकुल म्हणजे मुंगूस हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु बौद्ध संस्कृतांत ‘नकुलक’ म्हणजे द्रव्य ठेवण्याची पिशवी. मुंगसाच्या सबंध कातड्याची पिशवी करीत असत, त्यावरून हें नांव पडलें असें विद्वानांचें मत आहे. कुबेर व जंभल ह्यांच्या मूर्तींच्या हातीं कोठें नुसती पिशवी तर कोठें मुंगूस दिसतें. नेपाळ व तिबेटकडील जंभलाच्या हातांतील मुंगूस तर मुखावाटे रत्नें ओकीत असतें. मुंगसाच्या कातड्याच्या पिशवींतून नाणीं बाहेर पडत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या चमत्काराचें मूळ उकलतें. येथें शब्द व मूर्ति परस्परांवर प्रकाश पाडतात. हातांत मुंगूस दिसलें म्हणून ती सर्पशत्रु देवता असली पाहिजे, असा तर्क करणारानें हें विसरूं नये.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. मराठींत ‘साळ’ म्हणजे सायाळ, अंगावर कांटे असलेला प्राणी. आणि साळ म्हणजे भात. पहिल्याचा संबंध ‘शल्य’ म्हणजे अणकुचीदार कांटा, ह्याच्याशीं. दुसऱ्याचा ‘शालि’ ह्या धान्यनामाशीं. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि संस्कारांच्या प्रयोगपोथ्यांत ह्यांची गांठ पडण्याचा संभव आहे. सीमंतोन्नयनांत गर्भिणीच्या केसांचा भांग सायाळीच्या कांट्यानें पाडावयाचा असतो. गृह्यसूत्रांत त्यास ‘शलली’ म्हटलें असून तो तीन ठिकाणीं श्वेत असावा असें सांगितलें आहे. मराठी टिपणांत ‘साळीचा कांटा’ असें लिहिलेलें आढळल्यास तें भाताचें कूस नव्हे. उलट धान्याच्या जमाखर्चांत ‘साळ’ आली तर तेथें प्राण्याची कल्पनाही करण्याचें कारण नाहीं. मनुस्मृतींत भक्ष्य पंचनखांची यादी देतांना श्वाविध व शल्यक हे दोन्ही शब्द निरनिराळे आले आहेत. दोहोंसही सरसकट ‘साळ’ म्हणणारा भाषांतरकार यादींतील एक प्राणी गमावतो, हेंही नोंदून ठेवावें.

‘मूषा’ शब्द ह्या दोन प्रकारांच्या सीमेवर आहे. संस्कृत कोशांत मूषा म्हणजे उंदीर, धातु वितळविण्याचें पात्र व वाटोळा झरोका असे तीन अर्थ मिळतात. मराठींत पात्राचाच अर्थ राहिला व शब्द ‘मूस’ झाला. रसरत्नसमुच्चयांत वृंताकमूषा, गोस्तनीमूषा इत्यादि मुशींचे प्रकार दिले आहेत. त्यांतील वृंताक म्हणजे वांगें व गोस्तन म्हणजे गाईचा आंचळ, अर्थात् नांवें आकारावरून पडलीं आहेत. परंतु मूळ मूषा शब्दच उंदराच्या आकारावरून आला, असें ह्यावरून म्हणतां येणार नाहीं. मराठी कागदांत ‘मूस’ आली तर ती सोनाराची किंवा टांकसाळेची. उत्तरेकडील हिंदी कागदांत तोच शब्द उंदराचा असूं शकतो. ‘घूस’ शब्दाचेंही तसेंच: मराठींत ती जमीन पोखरणारी मोठी उंदरासारखी जात, हिंदींत त्याशिवाय लांचही. त्यांत मोडी लिपींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहींत, त्यामुळें अक्षरांवरून निर्णय होत नाहीं. कागद कोठला व लिहिणारा कोण, हेंच पाहावें लागतें.

एका शब्दाच्या वाचनावर देशाचा भूगोल कसा अवलंबून असतो, ह्याचें उदाहरण खारवेलाच्या हाथीगुंफा लेखांत आहे. ओरिसांतील उदयगिरीवरच्या ह्या लेखांत, सातकर्णीस न जुमानतां खारवेलाची सेना पश्चिमेस जाऊन कण्हबेंणा नदीपर्यंत पोहोंचली व तिनें एका नगरास त्रस्त केलें, असें म्हटलें आहे. त्या नगराचें नांव कोणी ‘मुसिकनगर’ वाचलें, कोणी ‘असिकनगर’. पहिलें वाचन घेतल्यास मूषिक नांवाच्या लोकांचा शोध सुरू होतो. दुसरें घेतल्यास नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत असक, मुळक ह्यांच्या जोडीस आलेला असिक देश पुढें उभा राहतो. कण्हबेंणा म्हणजे कृष्णा कीं विदर्भांतील कन्हान, हा वादही त्याशीं निगडित आहे. झिजलेल्या एकदोन अक्षरांवर सातवाहनांच्या राज्याची दिशा ठरते! केरळांतील एळिमलच्या राजांवर अतुल कवीनें मूषिकवंश नांवाचें संस्कृत काव्य लिहिलें. तेथें मलयाळम् ‘एलि’ म्हणजे उंदीर, ह्या उच्चारसाम्यानें पर्वताच्या नांवाचें संस्कृत रूप घडलें असावें. तेव्हां ‘मूषिक’ नांव दिसलें कीं उंदीर ज्यांचें देवक आहे अशी जात कल्पिणें घाईचें होईल.

शेवटीं आपल्या घरचें उदाहरण घेऊं. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते कीं, बहामनी राज्यांत १४७१ च्या सुमारास खेळणा किल्ला घेतांना पूर्वजांनीं घोरपडीच्या साह्यानें तट चढला व त्यावरून हें उपनांव मिळालें. १६७० मध्यें तानाजी मालुसऱ्यानें सिंहगड घेतला, त्या प्रसंगाच्या पोवाड्यांतही यशवंती घोरपड आहे. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरींत घोरपड नाहीं. मावळे वानरासारखे कडा चढले, असें तेथें आहे. आतां कोणी म्हणेल कीं, घोरपड हें प्राण्याचें नव्हे, चढण्याच्या साधनाचें नांव असावें. असा अर्थ अशक्य नाहीं. दंडीच्या दशकुमारचरितांत चोराच्या साहित्याची यादी आहे. तींत फणिमुख, कर्कटक अशीं प्राण्यांवरून पडलेलीं साधनांचीं नांवें असून कर्कटकाच्या शेजारींच दोर आहे. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. दोरी, आंकडे, शिड्या ह्यांच्या यादींत ‘घोरपड’ लिहिलेला एखादा जुना कागद हातीं येईपर्यंत हा अर्थ तर्कच राहील. आणि प्राण्याची कथाही परंपरा म्हणूनच सांगावी, इतिहास म्हणून नव्हे.

ह्या सर्व विवेचनाचा इत्यर्थ इतकाच कीं, शब्दाचा अर्थ शब्दांत नसून त्याच्या शेजाऱ्यांत असतो. म्हणून पोथ्या व दप्तरें बाळगणाऱ्यांस विनंति आहे कीं, असा शब्द आढळल्यास तो एकटाच उतरून घेऊं नये. मागचीपुढचीं वाक्यें, यादी असल्यास सबंध यादी, व कागदाचें स्थळ-काळ हीं सोबत लिहावींत. लेखकानें ‘मुस’ लिहिलें असेल तर तें ‘मूषक’ असें शुद्ध करूं नये. ज्यास आपण अशुद्ध समजून पुसतों, तोच कदाचित् त्या शब्दाचा खरा अर्थ सांगणारा एकमेव साक्षीदार असतो.