रेडिओवरचं गाणं येतं कुठून?

गटाच्या बैठकीत आम्हाला बरेचदा विचारतात, "रेडिओवर एवढी गाणी लागतात, ती आणता कुठून?" आज तेच समजून घेऊ.

सिनेमातलं गाणं एकाचं नसतं. शब्दांवर कवीचा, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क असतो. त्यामुळे सीडी विकत घेतली किंवा गाणं मोबाइलवर उतरवलं, म्हणून ते केंद्रावरून वाजवता येत नाही. त्यासाठी परवाना घेऊन रॉयल्टी भरावी लागते. कवी आणि संगीतकारांच्या वतीने हे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून आधी सूचना देऊन, ठरलेल्या दराने पैसे भरून गाणी वाजवण्याची सोय रेडिओला मिळाली.

सामुदायिक रेडिओची मिळकत थोडी. शिवाय निम्मे कार्यक्रम तरी परिसरातलेच असावेत, असं सरकारी धोरण सांगतं. मग गाणी शोधायची कुठे? आपल्याच बांधीत! आपला गोंदिया धानाचा जिल्हा. रोवणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, गोंडी आणि पोवारी गीतं, दंडार हे सगळं आपल्याकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्याचे शब्द आणि चाल कोणा एकाच्या मालकीची नसते. त्यासाठी रॉयल्टी नाही. मात्र तेच गाणं एखाद्या कंपनीने ध्वनिमुद्रित केलं असेल, तर त्या मुद्रणावर तिचा हक्क असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. गाणं सगळ्यांचं असलं, तरी गाणारीचा आवाज तिचाच. कलावंताचा हा हक्क कायद्याने 50 वर्षं मानला आहे. म्हणून कोणी मोबाइल किंवा माइक घेऊन आलं, की आधी विचारा: हे कुठे वाजणार? आणखी कोणाला देणार? विकलं तर आमचा वाटा किती? उत्तरं कागदावर लिहून घ्या, वाचून मगच सही किंवा अंगठा द्या, आणि एक प्रत गटाच्या फाइलीत ठेवा. गाणारीचं नाव आणि गाव प्रत्येक वेळी सांगायला लावा.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदलेलं आहे. आपल्या गटानेही एक वही करावी. म्हाताऱ्या आयांची गाणी आधी लिहून घ्यावी, कारण ती फक्त त्यांच्याच तोंडी आहेत.