झडती, अटक आणि आपली सही

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोन या नशिल्या द्रव्याचा शेकडो किलोंचा साठा पकडला. ते काम योग्यच झाले. परंतु असला माल बनविणारे थोडे, आणि नुसत्या संशयावरून अडविली जाणारी पोरे पुष्कळ. पाळी सुटल्यावर कुरकुंभच्या किंवा शिरूरकडील रांजणगावच्या रस्त्यावर ज्याचा खिसा चाचपला जातो, त्याच्या पदरी कायद्याने काय घातले आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी वकील नव्हे. कायदा शिकलो तो गेटसभा घेता घेता.

सन १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ५० तोंडपाठ करण्याजोगे आहे. अंगझडतीपूर्वी अधिकाऱ्याने सांगितलेच पाहिजे की, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. हे सांगणे पोलिसांच्या मर्जीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये ठरविले. हक्क न सांगता अंगावर सापडलेल्या मालावरच शिक्षा उभी असेल, तर ती टिकत नाही. माल हातचा जाईल अशी सबळ शंका असल्यास अधिकारी थांबत नाही, मात्र कारण लिहून ठेवणे त्यालाही सुटत नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची.

खरी मेख कागदात आहे. 'मला तशी गरज नाही' असा मजकूर कित्येकदा आधीच लिहिलेला असतो आणि भ्यालेला पोर खाली सही ठोकतो. तेथेच हक्क संपला! हुज्जत घालू नये, पळू तर मुळीच नये. पण वाचल्यावाचून सही करू नये, आणि वाचता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. शिवाय हे कलम अंगझडतीपुरतेच आहे. दौंड जंक्शनवर हातातली पिशवी उघडली, तर त्याचा आधार मिळत नाही.

अटक झाल्यास कारणे लेखी मिळाली पाहिजेत, आणि तीही समजणाऱ्या भाषेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले. ठेकेदाराकडे राबणाऱ्या बिहारी कामगाराच्या हाती मराठी कागद देऊन भागणार नाही. घरी खबर, वैद्यकीय तपासणी, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजेरी, हे ठरलेलेच. पोलिसांपुढील कबुली पुरावा होत नाही. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आता जो खरोखरच ओढतो त्याचे काय? गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. केवळ सेवनाचा वा अल्प मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडला, तर मात्र ही सवलत काढून घेता येते.