हार्ड डिस्क बदलण्यापूर्वी
मदिनत खलीफातल्या आमच्या घरी 2001 सालचा संगणक आहे. वडिलांच्या आठवणी त्यात श्री-लिपीत टाइप केलेल्या आहेत. दुसरी प्रत नाही. हार्ड डिस्क कुरकुरू लागताच मी तो बंद केला, कारण चालू ठेवल्यास नुकसान वाढते.

जुनी आयडीई डिस्क 40 पिनांची. 2003 पासून आलेल्या साटा डिस्कची जोडणी निराळी. म्हणून अडॅप्टर वापरून आधी पूर्ण प्रत घेतली.

फाइलींबरोबर फाँटही घ्यावा. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, तरी तेव्हाचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. फाँट नसल्यास निरर्थक चिन्हे दिसतात.

तेव्हा मंडळी, आधी प्रत, मग युनिकोडमध्ये रूपांतर, शेवटी नवी डिस्क!