ब्याण्णव परार्धांच्या पलीकडे : मोठ्या संख्यांविषयीचे गैरसमज

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आजच्या संगणकांतला ६४ बिटांचा, ऋण-धन दोन्ही सांभाळणारा पूर्णांक ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ या संख्येवर संपतो. म्हणजे बाराव्या शतकातल्या त्या यादीच्या टोकापासून तो फार पुढे गेलेला नाही; ब्याण्णव परार्ध झाले की थांबला. २० चे फॅक्टोरियल त्यात बसते, २१ चे बसत नाही. त्यापुढचा हिशेब कसा होतो, याबद्दल विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर नोकरीत मुरलेल्या प्रोग्रामरांच्या डोक्यातही बऱ्याच भलत्या समजुती असतात.

गैरसमज : ६४ बिटांच्या यंत्रावर याहून मोठी संख्या हाताळताच येत नाही.

प्रोसेसर एका सूचनेत केवढी संख्या हाताळतो, एवढेच ते ६४ बिट सांगतात. मोठ्या संख्येचे तुकडे करून ते ओळीने मेमरीत ठेवायचे आणि उजवीकडून एकेक तुकडा मिळवत जायचे, हातचा पुढे न्यायचा. तिसरीतल्या बेरजेपेक्षा यात नवे काहीच नाही. बऱ्याच प्रोसेसरांमध्ये तर हातच्यासह बेरीज करण्याची खास सूचनाच असते. मर्यादा येते ती मेमरीची आणि वेळेची. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे, आणि तीही साध्या संगणकाच्या मेमरीत आरामात राहते.

गैरसमज : मर्यादा ओलांडली की प्रोग्राम बंद पडतो किंवा निदान भलतीच, ऋण संख्या दिसते.

सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल २,१४,७४,८३,६४७. जावामध्ये अशा पूर्णांकात १२ चे फॅक्टोरियल काढा, ४७,९०,०१,६०० असे बरोबर उत्तर येते. १३ चे काढा. खरे उत्तर ६,२२,७०,२०,८००. पडद्यावर दिसते १,९३,२०,५३,५०४. ऋण नाही, शून्य नाही, इशारा नाही. आकडा आधीच्यापेक्षा मोठाही आहे, त्यामुळे नजर त्यावरून सहज घसरते. पण आधीच्या उत्तराला १३ ने गुणले असताना ते चौपटीच्या आसपासच वाढले आहे, हे कोण तपासून बघतो? १४ चे फॅक्टोरियल मग १,२७,८९,४५,२८० येते, म्हणजे १३ च्या उत्तरापेक्षा लहान, तेव्हा कुठे शंका येते.

सी भाषेत प्रकरण आणखी वाईट. चिन्हासकटच्या पूर्णांकाची मर्यादा ओलांडली तर काय व्हावे, हे तिच्या मानकाने ठरवलेलेच नाही. असे कधी होणारच नाही असे गृहीत धरायची कंपायलरला मुभा आहे. त्यामुळे ‘बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान आली का’ अशी तपासणी तुम्ही नंतर लिहिलीत, तर कंपायलर ती निरर्थक समजून काढूनही टाकू शकतो. तपासायचे ते बेरजेच्या आधी.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येही अशीच एक चूक सुमारे नऊ वर्षे बसून होती. मधला क्रमांक काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागले जाई. यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी असल्या की ती बेरीजच हाताबाहेर जाऊ शकत असे. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये यावर जाहीरपणे लिहिले.

गैरसमज : मग दशांश संख्यांचा डबल प्रकार वापरावा, त्यात ३०८ शून्यांची संख्याही बसते.

बसते, पण तिचे सगळे अंक बसत नाहीत. डबलला साधारण पंधरा-सोळा अंकच नेमके धरता येतात. पुढचे तो मनाने भरतो. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३ ही संख्या त्यात ठेवून पाहा, शेवटी ३ च्या जागी २ मिळेल. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या डबलच असते, म्हणून लांबलचक ओळख-क्रमांक त्यात संख्या म्हणून ठेवले की शेवटचे अंक बदलतात. त्या भाषेत २०२० पासून बिगइंट हा वेगळा प्रकार आला तो याचसाठी.

गैरसमज : मोठी संख्या म्हणजे स्ट्रिंग, एका खणात एक अंक.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हे चालते, उत्तरही बरोबर येते. पण हजार अंकी दोन संख्यांच्या गुणाकाराला दहा लाख लहान गुणाकार करावे लागतात. त्याऐवजी एका खणात नऊ अंक ठेवले, म्हणजे दहाऐवजी शंभर कोटी हा पाया धरला, तर ११२ खण होतात आणि गुणाकार १२,५४४ वर येतात. नऊच का? नऊ अंकी दोन संख्यांचा गुणाकार, त्यात आलेला हातचा आणि खणात आधीपासून असलेली संख्या, हे सारे मिळूनही अठरा अंकांपलीकडे जात नाही आणि ६४ बिटांत मावते. जाणकार लायब्रऱ्या मात्र दहाचे नव्हे, दोनाचे घात पाया म्हणून घेतात. पायथन एका खणात ३० बिट ठेवतो.

गैरसमज : गुणाकाराची शाळेतली रीत हीच शेवटची.

असे मोठमोठ्यांनाही वाटत होते. १९६० मध्ये मॉस्को विद्यापीठातल्या चर्चासत्रात गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी अंदाज मांडला, की अंक दुप्पट झाले की काम चौपट होणारच, यातून सुटका नाही. तेवीस वर्षांच्या अनातोली करात्सुबाने आठवडाभरात तो खोटा ठरवला. त्याची युक्ती ४७ × ६३ वर पाहू. ४ × ६ = २४. ७ × ३ = २१. आता (४ + ७) × (६ + ३) = ९९; त्यातून २४ आणि २१ वजा केले की उरतात ५४. उत्तर : २,४०० + ५४० + २१ = २,९६१. चार गुणाकारांऐवजी तीनच लागले. संख्या मोठी असेल तर त्या तिन्हींवर पुन्हा हीच युक्ती, आणि बचत साठत जाते. कोल्मोगोरोव्हनी त्यावर निबंध लिहून १९६२ मध्ये करात्सुबाच्या नावे छापायला दिला. करात्सुबाला ते छापील प्रती हाती आल्यावर कळले. लहान संख्यांना मात्र ही युक्ती उलट महाग पडते, म्हणून पायथन ती सत्तर खणांनंतर, म्हणजे सुमारे ६३० अंकांनंतर वापरतो.

गैरसमज : पायथन आहे ना, मग काळजी कसली?

बेरीज-गुणाकाराची नाही. पण आत संख्या दोनाच्या पायात असते आणि आपल्याला ती दहाच्या पायात वाचायची असते. हे रूपांतर खर्चिक आहे, इतके की मुद्दाम प्रचंड संख्या पाठवून कुणी सर्व्हर अडवू शकेल. म्हणून पायथनच्या नव्या आवृत्त्या ४,३०० अंकांपुढचे रूपांतर आपणहून नाकारतात. ती मर्यादा आपण वाढवायची असते.

शिवाय अवाढव्य संख्या प्रत्येक वेळी बनवावीच लागते असे नाही. आरएसए या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत २,०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या असते आणि तिच्या मापाने घात काढायचा असतो. तो घात पूर्ण लिहायचा तर जगातली मेमरी पुरणार नाही. पण प्रत्येक गुणाकारानंतर त्या ६१७ अंकी संख्येने भागून बाकी घेतली की संख्या दुपटीपलीकडे लांबत नाही.

गैरसमज : बेरीज, वजाबाकी, गुणाकार जमले, आता भागाकार काय अवघड!

भागाकारात प्रत्येक अंकाचा आधी अंदाज बांधावा लागतो. डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात याची प्रसिद्ध रीत आहे. भाज्य आणि भाजक दोघांनाही आधी एकाच योग्य संख्येने गुणून घेतले की अंदाज जास्तीत जास्त दोनाने चुकतो आणि नंतरच्या तपासणीत बहुतेक वेळा दुरुस्तही होतो. अगदी क्वचित तो एकाने जास्त राहून जातो, आणि वजा केलेला भाजक परत मिळवावा लागतो. ३२ बिटांचे खण असतील तर हे साधारण दोनशे कोटींत एकदा घडते. म्हणजे ती ओळ चुकीची लिहिली असली तरी तुमच्या हजारो चाचण्या बिनबोभाट पास होतील. क्नुथ म्हणूनच ती पायरी मुद्दाम घडवून आणणारी उदाहरणे बनवून तपासायला सांगतात. शिकण्यासाठी स्वतः जरूर लिहा, पण पैशाच्या किंवा सुरक्षिततेच्या कामाला १९९१ पासून लोकांच्या वापरात घासूनपुसून निघालेली जीएमपीसारखी लायब्ररीच घ्या.